दर शिमग्याला मावा अन् पिठ्या परत येतो? फवारणीआधी मुंग्यांची वाट तोडा

शिवरात्र उलटली की आमच्या परड्यातल्या झाडांना एकदम पालवी सुटते. जास्वंदीला कोवळे शेंडे, लिंबाला चकचकीत पानं, मिरचीला कळ्या, चवळीला पहिल्या शेंगा. आणि होळी येईस्तोवर त्याच शेंड्यांवर पीठ सांडल्यासारखा पांढरा पिठ्या ढेकूण, चवळीच्या देठांवर दाटून बसलेला काळा मावा, मिरचीची पानं मुरडलेली. फवारणी करावी, आठ दिवस बरं वाटावं आणि पाडव्याच्या आत पुन्हा तेच. आमच्या बेळगावात वडगाव, अनगोळ, शहापूर, टिळकवाडी, कुठल्याही गल्लीत गच्चीवर किंवा परड्यात भाजी करणाऱ्या बाईला विचारा, तक्रार एकच असते: औषध मारलं, तरी परत आलं.

मी सलग चार वर्षं याच फेऱ्यात होते. दरवर्षी औषध बदललं. कधी कडुलिंबाचं तेल, कधी साबणाचं पाणी, कधी लसूण-मिरचीचा अर्क. पाचव्या वर्षी एका सकाळी जास्वंदीपाशी स्टूल टाकून अर्धा तास नुसती बघत बसले. तेव्हा जे दिसलं ते आधी सांगते, कारण उपाय तिथूनच सुरू होतो.

कंपाउंडच्या भिंतीला तडा होता. त्यातून बारीक काळ्या मुंग्यांची रांग निघून जास्वंदीच्या बुंध्यावरून वर जात होती. वर जाणाऱ्या मुंगीचं पोट बारीक, उतरणारीचं फुगलेलं, उन्हात आरपार दिसणारं. शेंड्यावर एक मुंगी पिठ्या ढेकणाच्या पाठीवर मिशांनी हलकेच थापटत होती. थोड्या वेळाने त्याच्या मागच्या टोकाला पाण्याचा बारीकसा थेंब आला, मुंगीने तो प्यायला आणि ती पुढच्या ढेकणाकडे वळली. तेवढ्यात लाल पाठीवर काळे ठिपके असलेला एक ढालकिडा पानावर उतरला. तीन-चार मुंग्या धावून गेल्या आणि त्याच्या पायांना चावून त्याला हाकलून लावलं. भिंतीवरून परत जाणाऱ्या एका मुंगीच्या तोंडात फिकट पिवळा ठिपका होता. भिंग लावून पाहिलं तर ते पिठ्याचं जिवंत पिल्लू होतं. ती रांग पुढे माझ्या मिरचीच्या कुंड्यांपर्यंत जात होती.

मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, पांढरी माशी ही सगळी झाडाचा रस शोषणारी मंडळी. रसात साखर भरपूर, पोषण थोडं. म्हणून ते ढीगभर रस पितात आणि जास्तीची साखर बाहेर टाकतात. पानं हाताला चिकट लागतात ती त्यामुळे. याच चिकट्यासाठी मुंग्या त्यांना गुरांसारखं राखतात, त्यांच्या वैऱ्यांना हाकलतात, जुना शेंडा जून झाला की नव्यावर नेऊन सोडतात. पानांवर नंतर काजळीसारखा काळा थर धरतो ती बुरशीही या चिकट्यावरच वाढते. ती पानाच्या आत शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली की निघते. तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक आणायची गरज नाही. कीड गेली की तीही जाते.

आता फवारणी करूनही कीड का परतते ते बघा. माव्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालते आणि उबदार हवेत ते पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः आई होतं. पानाच्या खाली पाच-सहा जीव राहिले तरी पंधरवड्यात शेंडा पुन्हा काळा. पिठ्याची अंडी कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी असतात आणि त्या मेणचट पिशवीत औषध शिरत नाही. तुमची फवारणी मोठ्यांना मारते, पिल्लं चार-सहा दिवसांनी बाहेर येतात. आणि जहाल औषध मारलं तर ढालकिडा कीडीच्या आधी मरतो.

या क्रमाने करा

पहिलं काम मुंग्यांचं. ते झाल्याशिवाय बाटली हातात घेऊ नका. बुंध्याभोवती जमिनीपासून वीतभर उंचीवर कागदी चिकटपट्टी किंवा जुन्या कापडाची चार बोटं रुंद पट्टी घट्ट बांधा आणि तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या. थेट सालीवर जेली फासू नका, साल खराब होते. पट्टीखाली फट राहिली तर मुंग्या तिथून जातात, म्हणून कापड सालीच्या खाचांत दाबून बसवा. धूळ बसून थर कोरडा झाला की नवा द्या. मी दर रविवारी बोट लावून बघते.

पट्टी बांधूनही मुंग्या वर दिसल्या तर पूल शोधा. भिंतीला टेकलेली फांदी, कपडे वाळत घालायची दोरी, शेजारच्या वेलाचा ताणा, आधाराची काठी. माझ्याकडे सगळं करूनही पंधरा दिवस मुंग्या चढत होत्या, त्या दोडक्याच्या मांडवाच्या तारेवरून. कुंड्यांसाठी सोपं आहे. कुंडी दोन विटांवर ठेवायची आणि विटा पाण्याच्या ताटात. पण ते पाणी एक दिवसाआड ओतून टाकायचंच, डासांची अंडी नकोत.

वारूळ भिंतीत असेल तर आमिष ठेवा. अर्धा लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी साखर आणि एक सपाट चहाचा चमचा बोरिक पावडर विरघळवायची. बाटलीच्या झाकणात कापूस ठेवून तो भिजवायचा आणि रांगेच्या कडेला ठेवायचा. बोरिक यापेक्षा जास्त घालू नका. जास्त झालं तर मुंगी वाटेतच मरते, कमी असलं तर ती ते घरी नेऊन सगळ्यांना पाजते. पहिल्या दिवशी झाकणाभोवती मुंग्यांची गर्दी उडते, ती बघून घाबरून उचलू नका. आठ-दहा दिवसांत रांग विरळ होते. लहान मुलं, कुत्रं-मांजर यांचा हात-तोंड पोचणार नाही अशी जागा निवडा.

दुसरं, उगम शोधा. बहुतेक घरांत तो जास्वंदच असतो. भाजी आपण काढतो, नवी लावतो, पण जास्वंद वर्षानुवर्षं कंपाउंडला उभी असते आणि पिठ्या तिच्या सालीच्या खाचांत, वाळक्या पानांखाली पावसाळा-हिवाळा काढतो. संक्रांतीच्या सुमारास जास्वंदीची छाटणी करा, कापसासारखं दिसणाऱ्या फांद्या मुळातून काढा. छाटलेलं खतात टाकायचं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठ दिवस उन्हात ठेवा. पूजेला फुलं हवीत म्हणून फांद्या तोडायला जीवावर येतं, हे मला कळतं. आमच्या सासूबाईंना पटवायला मला एक वर्ष गेलं. पण छाटणीनंतर पाडव्याला फुलं उलट जास्त आली.

तिसरं, खत. हे फार कुणी सांगत नाही म्हणून जोर देऊन लिहिते. नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत, रसाळ होतात आणि मावा तिथेच तुटून पडतो. माघ-फाल्गुनात मी दर आठवड्याला शेंगदाण्याच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी घालत होते, पानं काळीभोर दिसायची म्हणून. पेंडीत नत्र भरपूर असतं. आता शिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत पेंड बंद, युरिया तर घरच्या बागेत कधीच नाही. फक्त मुरलेलं शेणखत मूठभर आणि बंबातली लाकडाची राख चिमूटभर.

चौथं, पाणी. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून जोराची धार पानाच्या खालच्या अंगाला मारा, सकाळी, म्हणजे पानं दुपारपर्यंत सुकतात. धारेने पडलेला मावा सहसा परत चढू शकत नाही, सोंड तुटलेली असते. लागोपाठ तीन दिवस केलं तर चवळीचा मावा निम्म्याहून कमी होतो. नळाला रोज पाणी नसेल तर बादलीत शेंडा वाकवून बुडवून हलवा, तेवढंही पुरतं.

एवढं झाल्यावर फवारणी. एक लिटर पाण्याला 5 मिली कडुलिंबाचं तेल. बाजारात कानडीत बेविन एण्णी म्हणून मागा, लगेच मिळतं. आधी वाटीभर कोमट पाण्यात तेल आणि खादीच्या साध्या साबणाचा चुरा चमचाभर घालून घुसळायचं, दुधासारखं झालं की उरलेलं पाणी मिसळायचं. वर तेलाचे थेंब तरंगताना दिसले तर ते मारू नका, पानं करपतात. कपडे धुण्याची पावडर तर नकोच. ऊन उतरल्यावर मारा, कारण उन्हात कडुलिंबाचा गुण लवकर जातो आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. मग सहा-सात दिवसांच्या अंतराने तीनदा. तिसरी फवारणी लोक गाळतात, आणि अंड्यातून मागाहून निघालेली पिल्लं त्या तिसरीलाच सापडतात. पिठ्या थोडाच असेल तर फवारणी नको, सर्जिकल स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक टिपून काढा. मेण विरघळतं, कीड जागेवर मरते.

मारू नका अशी दोन पोरं

चवळीवर कधी कधी काळसर, मगरीच्या पिल्लासारखी, नारिंगी ठिपक्यांची लांबट अळी फिरते. ती ढालकिड्याची अळी. दिवसाला कित्येक मावे खाते. मावा फुगून तपकिरी, कागदी झालेला दिसला तर त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. ते शेंडे धुवूही नका.

दुसरं ओळखायला अवघड आहे. पिठ्याच्या घोळक्यात, पिठ्यासारखीच पांढरी पण आकाराने मोठी, झुलपांच्या झालरी असलेली आणि चटाचटा चालणारी अळी दिसते. मी दोन वर्षं ती "मोठा पिठ्या" समजून चिमटीत चिरडली. ती ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका ढालकिड्याची अळी, क्रिप्टोलेमस. आपल्या देशात हा किडा 1898 साली आणला गेला आणि आता इथलाच झाला आहे. पिठ्या बहुधा जागचा हलत नाही, हलला तरी फार सावकाश. ही अळी पळते. एवढी एक खूण लक्षात ठेवा.

शत्रूला मारायला योग्य जीव सापडला की काय होतं हे आपल्या राज्याने पपईत पाहिलं आहे. पपईवरचा पिठ्या 2008 मध्ये कोइम्बतूरला प्रथम दिसला आणि बघता बघता दक्षिणेत सगळीकडे पसरला. आमच्या परड्यातली दोन्ही झाडं त्यात गेली, फळं पांढऱ्या थराखाली दिसेनाशी झाली होती. 2010 मध्ये बेंगळूरच्या केंद्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून एक टीचभरही नसलेली परोपजीवी माशी आणून सोडली आणि हंगामाभरात पपई सावरली. औषधांनी जे झालं नव्हतं ते तिने केलं.

अशा जिवांना बोलवायचं तर फुलं हवीत. मी शेपूची एक ओळ मुद्दाम काढत नाही, तिला फुलू देते. आमच्या शेजारच्या आक्का तिला सबसिगी म्हणतात आणि आधी त्यांना वाटायचं की मी भाजी वाया घालवते. आता त्यांच्याही वाफ्यात कोथिंबीर फुललेली असते. त्या बारीक पिवळ्या-पांढऱ्या फुलांवर उडता उडता हवेत एका जागी स्थिर राहणाऱ्या माश्या येतात, त्यांच्या अळ्या मावा खातात.

मिरची मुरडली, पण कुठल्या बाजूला?

मिरचीची पानं मुरडली की बोकड्या आला म्हणून सगळे एकच औषध मारतात. आधी पान बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी घातल्यासारखी, देठ लांबलेला, तर कोळी (घरात जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा बारीक जीव). फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि कडुलिंबाचं तेल चालतं. कोळी हा कीटकच नाही, त्याला आठ पाय असतात. नेहमीची कीटकनाशकं त्याचं काही करत नाहीत, उलट त्याला खाणारे जीव मारून त्याची वाढ करतात. त्याला पाण्यात विरघळणारं गंधक, 2 ते 3 ग्रॅम लिटरला, संध्याकाळी. कडुलिंबाचं तेल मारल्यापासून दोन-तीन आठवडे गंधक नको आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तरी नको. काकडी-दोडक्याला गंधक सोसत नाही, तिथे टाळाच. पानं बारीक, पिवळी, झाड खुरटलं आणि कुठेच कीड दिसत नाही, तर तो विषाणू. ते झाड उपटा. संकेश्वरी मिरचीचं चांगलं बी म्हणून जपलेलं रोप उपटायला मलाही दुःख झालं होतं, पण ते ठेवलं असतं तर पांढऱ्या माशीने शेजारच्या सगळ्या कुंड्या नासवल्या असत्या.

कोळ्याचं बघता आपल्या जिल्ह्यातही एकसारखं नाही. अथणी, रायबाग, चिकोडीकडे हवा कोरडी, तिकडे वांगी-भेंडीवर लाल कोळी चैत्रात हटकून येतो. तिथे पानांच्या खाली रोज पाणी मारणं हेच मोठं औषध. खानापूर-जांबोटीकडे झाडी आणि सावली, तिकडे काजळी जास्त. तिथे फांद्या विरळ करून ऊन आत येऊ द्या.

तंबाखूचं पाणी

आपल्याकडे निपाणीची तंबाखू हाताशी, म्हणून तिचा काढा मारायची जुनी रीत आहे. कीड मरते हे खरं. तरी मी कळकळीने सांगते, घरच्या भाजीवर नको. निकोटीन कातडीतून अंगात शिरतं, चक्कर आणि उलट्या होतात. शिवाय तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला लागतो. घरात कुणी तंबाखू मळत असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू देऊ नका.

आणि एका दुकानातून मला एकदा जुन्या बाटलीत ओतून, लेबल नसलेलं औषध मिळालं होतं. "सगळ्याला चालतं" म्हणून. किती दिवस भाजी तोडायची नाही, हे सांगायला त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ते वापरलं. त्या वर्षी ढालकिडे दिसले नाहीत आणि एप्रिलमध्ये वांग्यावर कोळ्याची जाळी धरली. मोनोक्रोटोफॉससारखं औषध भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून बंदी आहे, पण सुट्या बाटलीत काय आहे हे आपल्याला कळणार कसं? लेबल नसेल तर घेऊ नका.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा अळी आत असते, वरून मारलेलं तिला लागत नाही. वाळल्या भागाच्या दोन बोटं खाली कापा आणि कापलेलं पिशवीत बांधून उन्हात टाका. दोडक्या-काकडीच्या दोन पानी रोपांना तांबडे भुंगेरे भोकं पाडतात, तिथे सकाळी दवात राख भुरभुरवा, किंवा फुलं येईपर्यंत मच्छरदाणीचा तुकडा घाला. कारली-दोडके आतून सडत असतील तर फळमाशी. फूल गळताच फळाला कागदी पिशवी चढवा, पडलेलं फळ मातीवर ठेवू नका, कारण अळी मातीत कोष करते. लिंबाच्या पानावरच्या चंदेरी वेड्यावाकड्या रेघा नागअळीच्या, मोठ्या झाडाला त्याने काही होत नाही. मात्र पक्ष्याची शीट पडल्यासारखी अळी दिसली तर ती हाताने वेचा. डिवचलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते, आपल्या हाताला अपाय काही करत नाही.

सगळं केलं, तरी एकाच कुंडीत परत येतं

तर ती कुंडी पालथी घाला. माती आदल्या दिवशी कोरडी ठेवा, म्हणजे गोळा अखंड निघतो. मुळांभोवती आणि कुंडीच्या आतल्या अंगाला पांढरा भुकटीसारखा थर दिसला तर पिठ्या मुळांवर आहे, आणि कुंडीच्या खालच्या भोकातून मुंग्या ये-जा करत असतात. वर कितीही फवारा, तिथे पोचत नाही. भाजीचं रोप असेल तर टाकून द्या. लिंबू, कढीपत्ता असं जपण्यासारखं असेल तर सगळी माती झाडून मुळं साध्या पाण्यात धुवा, सडकी मुळं कापा, नव्या मातीत लावा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. कुंडी उकळत्या पाण्याने धुवून दोन दिवस उन्हात वाळवा. जुनी माती काळ्या प्लास्टिकखाली पसरून पूर्ण एप्रिल उन्हात राहू द्या, मिरगाला ती पुन्हा वापरता येते. नवी कुंडी ठेवताना खालच्या भोकावर जाळीचा तुकडा घालायला विसरू नका.